शंभर पटीचा आकडा आणि मुनीमजींची दुरुस्तीची वही

जळगाव जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एम.टेक. कॉम्प्युटरचा संशोधन सेमिनार शनिवारी दुपारी भरतो. शनिवार एवढ्यासाठी, की वर्गातले निम्मे नोकरदार आहेत. एक जण धुळ्याहून येतात, तिथे पॉलिटेक्निकला शिकवतात. दोघं पुण्याच्या कंपन्यांचं काम घरी बसून करतात. आणि हे प्रकरण जिच्या विषयावरून उभं राहिलं ती विद्यार्थिनी रावेर तालुक्यातली. आठवडाभर जळगावातल्या एका सॉफ्टवेअरच्या दुकानात नोकरी करते. दुकानच म्हणायचं, कारण मालक धरून मोजकी माणसं, आणि गिऱ्हाईक म्हणजे केळीचे व्यापारी, काही कापसाचे जिनिंगवाले, खत-बियाण्यांचे विक्रेते. सेमिनारची व्यवस्था माझ्याकडे असते. तिच्या मार्गदर्शक दुसऱ्या आहेत, त्यांना इथे नुसतं मॅडम म्हणतो. नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

'खान्देशात बसून सॉफ्टवेअरचं कसलं संशोधन करता?' हा प्रश्न पुण्या-मुंबईकडचे पाहुणे हमखास विचारतात. त्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट आमच्याकडे आहे. विप्रो ही कंपनी १९४५ साली अमळनेरला स्थापन झाली, वनस्पती तुपाच्या धंद्यासाठी. संगणकाकडे ती वळली फार नंतर. पाहुणे 'हो का?' म्हणतात आणि विषय संपतो. पण खरं उत्तर वेगळं आहे. इथलं सॉफ्टवेअर इथल्या काट्यावर, इथल्या बिलात चुकतं, आणि ते का चुकतं हे पाहायला बाहेरून कोणी येणार नाही.

आता सेमिनारची चाल सांगतो, कारण प्रकरण तिथेच अडखळलं. पहिली स्लाइड १९६८ची असते: जर्मनीत गार्मिशला नाटोने भरवलेली परिषद, सॉफ्टवेअरवरचं संकट वगैरे. दुसरी स्लाइड नुकसानीच्या आकड्यांची. तिसरीवर 'म्हणून माझा विषय महत्त्वाचा'. त्यानंतर कोणी मध्ये बोलत नाही. शेवटी एखादा 'फ्युचर स्कोप काय?' असं विचारतो आणि मंडळी खाली चहाला जातात. दुसरी स्लाइड कोणी थांबवून पाहत नाही. ती देवाच्या फोटोसारखी असते, नमस्कार करून पुढे जायचं.

तिचा विषय होता लहान सॉफ्टवेअर व्यवसायांमध्ये गिऱ्हाइकाच्या गरजा समजून घेतानाच तपासणी केली तर खर्च किती वाचतो, हा. त्यासाठी एक तपासणी-यादी तयार करायची आणि ती वापरून पाहायची. विषय चांगला होता, मॅडमनी तो दोनदा घासून घेतला होता. दुसऱ्या स्लाइडवर चार खांबांचा आलेख आला. डिझाइनमध्ये सापडलेली चूक दुरुस्त करायला १, कोडिंगमध्ये ६.५, टेस्टिंगमध्ये १५, आणि गिऱ्हाइकाच्या हाती गेल्यावर १००. खाली बारीक अक्षरात 'स्रोत: आयबीएम'.

धुळ्याच्या सरांनी हात वर केला.

'ताई, हे साडेसहा म्हणजे काय? रुपये, तास, का आणखी काही?'

'पट आहे सर. डिझाइनला एक धरलं तर कोडिंगला साडेसहा पट.'

'ते कळलं वो. पण हाई कथाईन उनं?'

हे आलं कुठून, असं ते अहिराणीत विचारत होते. वर्ग हसला. सर मात्र हसले नव्हते. कोणता पेपर, कोणतं साल, किती प्रकल्प, असं त्यांनी एकेक विचारलं. तिच्याकडे एका संकेतस्थळाचा पत्ता होता. पुण्याचं काम करणाऱ्यांपैकी एक म्हणाला, 'आमच्या कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये हीच स्लाइड होती.' मागून कोणीतरी 'मग खरंच असणार' असं म्हटलं, आणि आपण काय बोललो हे ऐकून तोच गप्प झाला. मॅडमनी तिथेच प्रेझेंटेशन थांबवलं. पुढच्या शनिवारी विषय पुढे न्यायचा नाही, हा आकडा जिथे जन्मला तिथपर्यंत जाऊन यायचं, एवढंच काम दिलं.

विभागातल्या वरिष्ठांना हे रुचलं नाही. सिनॉप्सिसची, म्हणजे संशोधनाचा आराखडा जमा करायची, तारीख डोक्यावर आलेली असताना एका स्लाइडवर शनिवार घालवायचा म्हणजे काय? त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. वेळापत्रक विद्यापीठाचं असतं, सेमिनारच्या सोयीचं नसतं.

शोध सुरू झाला तो इंटरनेटवर, आणि तिथे तो गोल गोल फिरला. एक पान दुसऱ्याकडे बोट दाखवतं, दुसरं तिसऱ्याकडे, तिसरं परत पहिल्याकडे. शेवटी वाट सापडली ती आमच्याच ग्रंथालयात. रॉजर प्रेसमन यांचं सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचं पाठ्यपुस्तक १९८२पासून निघतंय. आपल्याकडे दोन पिढ्यांनी त्यावरच परीक्षा दिल्या. त्याची एक जुनी आवृत्ती, पाठीची शिवण सुटलेली, कपाटात होती. त्यात हा परिच्छेद आहे. डिझाइनच्या वेळी सापडलेल्या चुकीला पैशाचं एक एकक लागतं असं समजा, असा त्याचा आरंभ. म्हणजे सरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर निघालं: रुपये नाहीत, तास नाहीत, कल्पून घेतलेलं पैशाचं माप.

पुढे मजकूर बारकाईने वाचल्यावर तिच्या लक्षात दोन गोष्टी आल्या, आणि माझ्या मते या प्रकरणातलं तिचं सगळ्यात चांगलं काम हेच. पुस्तकात ६.५ हा आकडा कोडिंगचा नाही. तो टेस्टिंग सुरू होण्याच्या अगदी आधी सापडलेल्या चुकीचा आहे. आलेख हातोहात फिरताना कोणीतरी त्या खांबाखाली 'कोडिंग' लिहिलं आणि ते तसंच राहिलं. दुसरं, शेवटचा आकडा १०० नाहीच. ६० ते १०० असा आहे. साठ गळून पडले, शंभर उरले. गोल आकडा लक्षात राहतो.

पुस्तकाने स्रोत म्हणून आयबीएमच्या 'सिस्टम्स सायन्सेस इन्स्टिट्यूट'चं नाव दिलेलं आहे. नाव ऐकून मोठी संशोधनसंस्था डोळ्यांसमोर येते. फ्रान्समधले सॉफ्टवेअर सल्लागार लॉरें बोसाव्ही यांनी हा माग बराच आधी काढला होता. ती संस्था म्हणजे आयबीएमच्या कर्मचाऱ्यांसाठीचा अंतर्गत प्रशिक्षण कार्यक्रम, आणि संदर्भ आहे तो १९८१च्या वर्गातल्या टिपणांचा. ती टिपणं कोणाला मिळत नाहीत. त्यामागे कोणते प्रकल्प होते, किती होते, मोजणी कोणी केली, याचा पत्ता लागत नाही. म्हणजे ज्याला सगळे 'आयबीएमचा अभ्यास' म्हणतात, तो अभ्यास कोणी पाहिलेला नाही.

इथे थांबलो असतो तर 'शंभर पट ही निव्वळ थाप' असं म्हणून टाळ्या मिळाल्या असत्या. मॅडमनी थांबू दिलं नाही. कारण याच अर्थाचा खरा, मोजलेला पुरावाही आहे, आणि तो अमेरिकेतले सॉफ्टवेअर-संशोधक बॅरी बोहम यांचा. १९७६च्या डिसेंबरमध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्यात आयबीएम, जीटीई, टीआरडब्ल्यू अशा कंपन्यांतल्या मोठ्या प्रकल्पांची आकडेवारी होती, आणि उशिरा सापडलेली चूक शंभर पटीपर्यंत महाग पडू शकते असं दिसत होतं. पण ते दिवस आठवा. पंच कार्ड, रांगेत लावलेली कामं, एका चुकीसाठी फिरून छापायची जाडजूड कागदपत्रं, टेप घेऊन गिऱ्हाइकाकडे जायचं. त्या जगात शंभर पट अशक्य वाटत नाही. खुद्द बोहम यांनी २००१ साली व्हिक्टर बॅसिली यांच्याबरोबर लिहिताना स्पष्ट म्हटलंय की लहान आणि जोखमीच्या नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे प्रमाण १०० पटीऐवजी ५ पटीच्या जवळ असतं. हे वाक्य कोणाच्या स्लाइडवर येत नाही. खरं तर आमच्या विद्यार्थिनीच्या विषयाला लागू पडणारं वाक्य तेवढंच होतं.

आणि २०१७ साली संशोधक टिम मेन्झीज आणि सहकाऱ्यांनी २००६ ते २०१४ या काळातले १७१ प्रकल्प तपासले. उशिरा सापडलेली चूक दुरुस्त करायला सरसकट जास्त वेळ लागतो, याला त्यांना पुरावा सापडला नाही. हे प्रकल्प शिस्तीने वेळ नोंदवणाऱ्या संघांचे होते, त्यामुळे त्यावरून सगळ्या जगाबद्दल बोलता येत नाही. पण निदान मोजलेलं काय आणि कसं, हे उघड आहे.

तिच्या त्याच स्लाइडवर आणखी एक आकडा होता: सदोष सॉफ्टवेअरमुळे अमेरिकेचं वर्षाला ५९.५ अब्ज डॉलरचं नुकसान. त्याचाही माग काढायला सांगितलं, तर तो एका दुपारीच निघाला. अमेरिकेच्या मानक-संस्थेसाठी २००२ साली केलेला अहवाल, दोन उद्योगक्षेत्रांची पाहणी, त्यावरून पूर्ण अर्थव्यवस्थेचा अंदाज. अंदाज ढोबळ आहे, त्याच्याशी भांडता येतं. पण भांडायला समोर काहीतरी आहे. आयबीएमच्या नावाच्या त्या शंभर पटीच्या आकड्याशी भांडायचं तर समोर कोणी उभंच नाही.

एक गोष्ट जाता जाता. आमच्याकडे प्रबंध जमा करताना साम्य तपासणारं सॉफ्टवेअर चालवतात. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. तिची मूळ स्लाइड, खालच्या स्रोतासकट, या चाळणीतून बिनबोभाट पार झाली असती. चोरी पकडायची सोय आहे, ऐकीव गोष्ट पकडायची नाही.

दुसऱ्या शनिवारी तिने हे सगळं मांडलं आणि वर्ग दोन तटांत विभागला. पुण्यावाल्यांचं मत असं, की आकडा चुकीचा असेल, पण विषय मंजूर करून घ्यायला तोच कामाचा आहे. बोहमचा संदर्भ लावा आणि पुढे चला. धुळ्याच्या सरांचं मत, की पाच पटच असेल तर तपासणी-यादीचा खटाटोप कशाला? लहान दुकानाने चूक झाली की दुरुस्त करावी, संपलं. दोघांच्या मध्ये ती उभी. मग तिने तिच्या दुकानात घडलेली एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या दृष्टीने प्रकरण खऱ्या अर्थाने तिथे सुरू झालं.

दुकानाचं एक गिऱ्हाईक म्हणजे केळीचा व्यापारी. केळीचा भाव रोज जाहीर होतो. नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी असे मालाचे प्रकार, प्रत्येकाचा वेगळा. माल ज्या दिवशी कापून भरला त्या दिवसाचा भाव शेतकऱ्याला लागतो, हा त्या व्यापाऱ्याचा व्यवहार. गाडी भरून काट्यावर जायला कधी कधी रात्र होते आणि काट्याची चिठ्ठी ऑफिसात येईपर्यंत बारा वाजून जातात. व्यापाऱ्याचे मुनीमजी चिठ्ठी नोंदवतात. सॉफ्टवेअर तारीख आपणहून भरायचं, आणि ती कॉम्प्युटरची असायची. म्हणजे पुढच्या दिवसाची. बिल लगेच छापलं तर काही बिघडत नव्हतं, कारण नव्या दिवसाचा भाव अजून कोणी भरलेला नसायचा, मग सॉफ्टवेअर कालचाच भाव घ्यायचं. पण मुनीमजी थकलेले असले, चिठ्ठी नोंदवून घरी गेले आणि सकाळी नवा भाव भरल्यावर बिल छापलं, की त्या रात्रीच्या चिठ्ठीला सकाळचा भाव लागायचा.

भाव चढता असताना कोणी बोललं नाही. शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळत होते, व्यापाऱ्याच्या ध्यानात येत नव्हतं. भाव पडायला लागले आणि एका शेतकऱ्याने वहीत लिहिलेला भाव आणि बिलावरचा भाव समोरासमोर धरला.

दुरुस्ती किती? तारीख कॉम्प्युटरकडून घेण्याऐवजी काट्याच्या चिठ्ठीवरची घ्यायची. तिने एनीडेस्कवरून, म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर दुरून चालवून, जळगावात बसल्या बसल्या केली, जेवणाच्या सुट्टीआधी काम संपलं. डिझाइन करतानाच कोणी हे सांगितलं असतं तरी जवळपास तेवढाच वेळ लागला असता. धुळ्याचे सर म्हणाले, 'बघा, पाचपटही नाही.'

'सर, माझा वेळ नाही लागला. मुनीमकाकांचा लागला.'

मुनीमजींनी एक वही घातली होती. लाल पुठ्ठ्याची, एरवी उधारी लिहायची असते तशी. रकाने हाताने आखलेले: चिठ्ठी नंबर, शेतकऱ्याचं नाव, गाव, धरलेला भाव, खरा भाव, देणं, सही. रात्री बारानंतर नोंदवलेल्या आणि सकाळी छापलेल्या चिठ्ठ्या एकेक करून शोधायच्या. सॉफ्टवेअरमध्ये छापण्याची वेळ साठवलेलीच नव्हती, म्हणून कार्बनच्या नकला काढून बसायचं. ज्यांना कमी गेलं त्यांना फोन करायचे, ते एसटीने किंवा मोटरसायकलवर येणार, सही करून फरक घेऊन जाणार. ज्यांना जास्त गेलं त्यांच्याकडे मागायचं नाही, असं शेठनी सांगितलं. तो तोटा त्यांनी गिळला. आणि एका शेतकऱ्याने सरळ सांगितलं की आता हंगामातली सगळी बिलं तपासून द्या, नाहीतर पुढचा बाग दुसऱ्याला देतो. त्याचं चूक नव्हतं.

वर्ग शांत झाला होता. मॅडम मात्र भारावल्या नाहीत, आणि ते बरं झालं. त्या म्हणाल्या, हा एक किस्सा आहे. किश्शाने शंभर पटीचा आकडा पाडता येत नाही आणि उभाही करता येत नाही. पण किश्शाने एक प्रश्न दिलाय. दुरुस्तीच्या पटीचे आपण पाहिलेले अभ्यास, बोहमचा काय किंवा २०१७चा काय, खर्च मोजतात तो सॉफ्टवेअर करणाऱ्याच्या बाजूचा. वापरणाऱ्याचा खर्च कोणाच्या वहीत आहे?

मुनीमजींच्या वहीत होता, हे सांगायला नको.

इथून विषय बदलला, आणि बदलताना जी अडचण आली ती कोणी पुस्तकात वाचून सांगितली नसती. मूळ प्रस्तावात आडव्या अक्षावर टप्पे होते: गरजा, डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग, वापर. तिच्या दुकानात हे टप्पे असतात कुठे? गरजा म्हणजे शेठचा फोन. डिझाइन म्हणजे मालकाच्या डोक्यातली गोष्ट. टेस्टिंग म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकाकडे टाकून बघणं. एखादी चूक 'कोणत्या टप्प्यात' सापडली हे ठरवायला बसलो तर सगळ्याच 'वापर' या रकान्यात जातात आणि आलेखाला एकच खांब उरतो. सेमिनारमध्ये यावर बराच खल झाला. शेवटी तिनेच सुचवलं की टप्पा सोडून देऊ. चूक सापडेपर्यंत किती बिलं दुकानाबाहेर गेली, ते मोजू. बाहेर गेलेला कागद परत बोलवावा लागतो, खर्च तिथे आहे. हे सिद्ध झालेलं नाही, हे तिचं अनुमान आहे, आणि प्रबंध आता या अनुमानाची परीक्षा घेणार आहे. मला ते मूळ विषयापेक्षा कितीतरी धारदार वाटतं. शंभर पटीच्या आलेखात वेळेला महत्त्व आहे. इथे वेळ गेला तरी एकही बिल निघालं नसेल तर चूक स्वस्तच.

माहिती कुठून घ्यायची, हा पुढचा मुद्दा. दुकानात चुका नोंदवायची व्यवस्था नाही. आहे तो गिऱ्हाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यातले मेसेज वाचून कोणता मेसेज म्हणजे चुकीची तक्रार, हे ठरवायचं. तिने आधी साधा मार्ग धरला होता: 'एरर', 'चूक', 'प्रॉब्लेम' हे शब्द शोधायचे. मॅडमनी तेव्हा टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची गोष्ट सांगितली, ती इथे नोंदवण्यासारखी आहे. २०१४ साली एक गाजलेला अभ्यास आला. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरचे ७२९ प्रकल्प, १७ प्रोग्रॅमिंग भाषा, आणि कोणत्या भाषेत चुका जास्त होतात याचा हिशोब. २०१९मध्ये दुसऱ्या एका गटाने तोच हिशोब पुन्हा करून पाहिला, तर बरेचसे निष्कर्ष टिकले नाहीत. सापडलेल्या दोषांपैकी एक असा: फाइलच्या नावाचा शेवट 'टीएस' असला की ती टाइपस्क्रिप्टची, असं धरलं होतं. पण 'क्यूटी' नावाच्या साधनात भाषांतराच्या फाइलींचा शेवटही 'टीएस'च असतो. बिटकॉइनच्या प्रकल्पातल्या अशा भाषांतराच्या फाइली टाइपस्क्रिप्टच्या खात्यात जमा झाल्या. काही नोंदी तर टाइपस्क्रिप्ट जाहीर होण्याच्या, म्हणजे ऑक्टोबर २०१२च्या, आधीच्या तारखांच्या निघाल्या. एवढ्यावरच कोणीतरी थबकायला हवं होतं.

आमच्या वर्गाला ही गोष्ट फार आवडली, आणि तिच्या मेसेजांमध्ये तसलंच काहीतरी लगेच सापडलं. 'वापसी बरोबर येत नाही' असा मेसेज. सॉफ्टवेअरमध्ये 'वापसी' नावाचं बटण आहे, बिल रद्द करून उलटी नोंद करायचं. आणि केळीत वापसी म्हणजे कमी दर्जाचा माल. मेसेज बटणाबद्दल आहे की मालाच्या दर्जाबद्दल, हे बाजारात न वाढलेल्या माणसाला कळणार नाही. आणखी एक अडचण: मुनीम मंडळी 'एरर' लिहितच नाहीत. 'जरा बघता का', 'हिशोब जुळत नाही भाऊ', नाहीतर नुसता बिलाचा फोटो. शब्द शोधून यातलं काहीही हाती लागलं नसतं.

म्हणून ठरलं ते असं. दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचं न बघता, प्रत्येक मेसेजला खूण करायची: तक्रार, शंका, नवी मागणी, की नुसतं 'जय श्रीराम, शुभ सकाळ'. त्यातला एक ती, आणि दुसरा केळीच्या व्यवहारातला पण दुकानाबाहेरचा माणूस. दोघांचं किती जुळतं हे कोहेनच्या १९६०च्या मापाने तपासायचं. नशिबाने जुळणारं त्यात वजा होतं. जिथे जुळत नाही तिथे भांडून ठरवायचं आणि भांडण लिहून ठेवायचं. मेसेजांत शेतकऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर आहेत, ते महाविद्यालयात आणण्याआधी दुकानातच झाकायचे. २०२३चा माहिती-संरक्षणाचा कायदा हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे गावात कोणाचं किती बिल झालं हे बाहेर पडलं तर तिला परत रावेरला तोंड दाखवायचं असतं.

मंजुरीच्या समितीपुढे काय झालं ते थोडक्यात. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रस्ताव चाळला आणि विचारलं, आधीच्या मसुद्यात आयबीएमचा संदर्भ होता, तो काढून व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज का आणले? प्रश्न खवचट नव्हता. त्यांना खरंच तो प्रकार उलटा वाटत होता. तिने प्रेसमनच्या जुन्या आवृत्तीचं पान आणि तिचा पूर्वीचा आलेख शेजारी शेजारी दाखवला, ६.५च्या खांबाखालचं नाव बोटाने दाखवलं. मॅडमनी रुनेसन आणि होस्ट यांची २००९ची, सॉफ्टवेअरमधल्या प्रकरण-अभ्यासाची (केस स्टडीची) मार्गदर्शक तत्त्वं पुढे ठेवली: एका ठिकाणचा अभ्यास करता येतो, पण त्यावरून काय म्हणता येत नाही हेही तितक्याच ठळकपणे लिहावं लागतं. परीक्षकांनी बराच वेळ ते पान वाचलं. मग म्हणाले, मीही हीच स्लाइड शिकवतो. मंजुरी दिली, दोन अटींवर.

पहिली अट, निदान आणखी एका दुकानाची माहिती घ्या. ती अजून पुरी झालेली नाही. ज्या जिनिंगच्या सॉफ्टवेअरवाल्याकडे ती गेली त्याने चहा पाजला आणि नाही म्हणाला. आपल्या चुकांची यादी उद्या स्पर्धकाच्या हातात पडली तर, ही त्याची भीती. नावाशिवाय घेऊ म्हटलं, तर म्हणाला, 'जळगावात जिनिंगचं सॉफ्टवेअर करणारे किती जण आहेत ताई? नाव कशाला लागतं?' याला उत्तर नव्हतं. आता धुळ्याचे सर त्यांच्या ओळखीने शिरपूरकडे प्रयत्न करताहेत.

दुसरी अट शेतकऱ्याच्या रकान्याबद्दलची. तिला तीन जणांचा वेळ मिनिटांत मोजायचा होता: दुरुस्ती करणाऱ्याचा, मुनीमजींचा आणि शेतकऱ्याचा. पहिल्याची नोंद आहे, दुसऱ्याची वही आहे. तिसऱ्याचं काय? तो किती वेळा आला, स्टँडवर किती थांबला, त्या दिवशीचं पाणी कोणी दिलं, हे आठवणीवर विसंबून विचारावं लागेल, आणि परीक्षकांच्या मते आठवणीतली मिनिटं पहिल्या दोघांच्या मिनिटांशेजारी बसवता येणार नाहीत. त्यांनी रकाना काढायला सांगितला. मॅडमचं म्हणणं, काढला तर पुन्हा तेच झालं. मोजता येतं तेवढंच खर्च म्हणायचं. तडजोड म्हणून रकाना ठेवला आहे, पण मिनिटांविना: शेतकरी आला का, किती खेपा झाल्या, आणि उत्तर कोणी दिलं. बेरजेत तो धरायचा नाही. ती बेरीज पूर्ण म्हणायची की अपूर्ण, यावर परीक्षक आणि मॅडम यांचं अजून जमलेलं नाही, आणि अंतिम व्हायव्हाला तोच प्रश्न पहिला येईल असा वर्गाचा अंदाज आहे.